नणंदेसोबत शनिवार

नवरा सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली,
नणंद मात्र राहिली.
महिन्यातल्या एका शनिवारी नेइदे
साओ बेंतो मेट्रोच्या तोंडाशी उभी असते,
पर्स पोटाशी, पर्सवर दोन्ही हात,
जणू आत पैसे नाहीत, मूल आहे.

आठवडाभर मी अकराव्या मजल्यावर
दुसऱ्यांच्या शर्टांना इस्त्री करते.
आज माझाच ब्लाउज चुरगळलेला.
चालतंय.

रस्त्याचं नाव म्हणजे एक तारीख, पंचवीस मार्च.
त्या दिवशी काय घडलं होतं असं कुणाला विचारावं
तर तो मोजे दाखवतो. सहा जोड, वीस रेआल.
छत्र्या, पिसं, मणी, खोट्या पापण्या,
येशूच्या छातीत लुकलुकणारा लाल दिवा.
अख्खं साओ पावलो कोपरानं कोपर सरकवत
स्वस्ताईच्या मागे लागलेलं.
नेइदे कशालाच हात लावत नाही.
"मला बॅग हवीय," म्हणते. "चाकांची. मोठी."
कुणासाठी, ते सांगत नाही.
मीही विचारत नाही. नणंदेला विचारायचं नसतं,
ती आपणहून सांगते आणि मग थांबत नाही.

आधी खाऊ, मी म्हटलं.
मोठ्या मंडईत, रंगीत काचांखाली,
फळवाले सुरीच्या टोकावर फोडी पुढे करतात,
घ्या ताई, चाखायला पैसे पडत नाहीत.
किलोचा भाव ऐकला की तीच फोड घशात अडकते.
आम्ही या गल्लीतून शिरलो, त्या गल्लीतून निघालो,
अंजीर, पेरू, अननस, पिवळाजर्द आंबा,
तोंड भरलेलं, मान गंभीर,
"जरा फिरून येतो हं."
अर्धं जेवण तिथेच उरकलं.

उरलेलं अर्धं बाहेर. पास्तेल,
तेलातून नुकतं काढलेलं, उशीएवढं,
आत चीज थोडं, हवाच जास्त.
पहिल्या घासाला वाफ जीभ पोळते
हे दर वेळी माहीत असतं. दर वेळी पोळते.
वर उसाचा रस, लिंबू पिळून.
चरकाच्या कुरकुरीत नेइदे एकदम म्हणाली,
"तायनारा चाललीय. पोर्तुगालला.
म्हाताऱ्यांना सांभाळायला. एकोणतीस तारखेला."

मी ग्लासातला फेस बघत राहिले.
तिचा पहिला दात मी पाडला होता,
दाराच्या कडीला दोरा बांधून.
"गोडी कमी आहे," मी म्हटलं.
रस गोडच होता.

सेउ फरीद बॅगेवर बुटांसकट चढला,
दोन उड्या मारल्या.
"पंचाण्णव किलो! बघा, चीर तरी पडली का?"
दोनशे चाळीस. नेइदे म्हणाली, शंभर.
त्याने आईची शपथ घेतली,
नेइदेने त्याच्या आईची तब्येत विचारली.
आम्ही निघालो, त्याने बोलावलं, परत आलो,
पुन्हा निघालो.
एकशे साठला पटलं, वर कुलूप फुकट.

जिंकलो होतो. तरी रस्त्यात येऊन ती थांबली.
"मोठी आहे ना?"
"मोठी आहे."
"जास्तच मोठी झाली का गं?
हिच्यात तर सगळंच मावेल."

रिकाम्या बॅगेला वजन नसतं, ते बसमध्ये कळतं.
प्रत्येक वळणाला ती आपली आपण निघायची,
मधल्या वाटेने, सरळ ड्रायव्हरकडे,
लोक पाय आखडून तिला जागा द्यायचे.
एका पोराने बुटाने अडवली, ढकलत परत आणली,
"ताई, पळून जातेय तुमची."
नेइदे हसली. इतकी हसली की
पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली.
मग तिने बॅग गुडघ्यांत धरली.

मी पिशवीतून मोजे काढले,
शेवटी घेतलेच होते, सहा जोड.
चेन उघडून आत टाकले.
तिकडे थंडी असते म्हणे.

तीन थांबे गेले.
आता वळणावर बॅग हलत नव्हती.
सहा जोड मोज्यांनी काय होतंय,
नेइदेचे गुडघेच होते ते.